ढग शून्य अष्टमांश

प्रिय मामाजी,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं, उद्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. निखिल सकाळीच भंतेजींना आणायला निघणार आहे, खिरीचं दूध फ्रिजमध्ये मावत नाहीये, आणि माझ्यावर एक वेगळंच काम पडलं आहे. "तू चार वाक्यं बोल," तुमचे हेच चिरंजीव म्हणाले. "बाबा शेवटी शेवटी तुझ्याशीच जास्त बोलायचे." जास्त बोलायचे म्हणजे काय हो? आपण दोघं हवामानावरून वाद घालायचो, एवढंच!

तरी बसले लिहायला. 'शांत, संयमी, शिस्तप्रिय' असं लिहिलं आणि खोडलं. हे तर कुणाच्याही सासऱ्याला चालेल. खरी गोष्ट अशी की परवा मला तुमच्याबद्दल काहीतरी कळलं आहे. ते भाषणात बसणारं नाही, आणि ज्यांना विचारायचं ते तुम्हीच आता राहिला नाहीत. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. म्हणून हे पत्र.

सुरुवात लिनबाईंपासून करते. महिन्यापूर्वी त्या मला भाजीच्या दुकानात भेटल्या, कोथिंबिरीच्या जुड्यांपाशी. एवढीशी बाई, पांढरे केस, आवाज मात्र शाळेच्या घंटेचा. "यू आर मिस्टर वेदर्स डॉटर-इन-लॉ!" सगळं दुकान वळून बघायला लागलं. म्हणाल्या, वर्गातली त्यांची खुर्ची आम्ही अजून हलवलेली नाही, शनिवारी येऊन बस.

मी गेले ती निव्वळ कुतूहलापोटी. तीन वर्षं दर शनिवारी तुम्ही लायब्ररीत जुन्या चिनी कवितेच्या वर्गाला जात होतात, आणि मी आपली समजत होते की तुम्ही तिथल्या फुकटच्या चहासाठी जाता! नागपूरच्या हवामान खात्यात पस्तीस वर्षं ढग मोजलेला माणूस. चिनीचं एक अक्षर येत नाही. इंग्रजीही जपून जपून बोलणार. तुम्ही तिथे करत काय होता, मामाजी?

वर्गात आठ माणसं होती. सहा चिनी आजी-आजोबा, एक तेलुगू मावशी आणि मी. लिनबाईंनी फळ्यावर एक उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'दृश्य', उजवीकडे लिहिलं 'मन'. आणि म्हणाल्या, उजवी बाजू कवी रिकामी ठेवतो.

मला पटेना. माझं सगळं आयुष्य डेटात गेलेलं. रकाना रिकामा असला की मला झोप लागत नाही. मी हात वर केला. "मग वाचणाऱ्याला कळतं कसं?"

"वाचणारा कोण आहे त्यावर," त्या म्हणाल्या. "बहुतेक कविता कुणा एका मित्रासाठी लिहिलेली असायची. त्या मित्राला कळायचं. ज्यांना कळत नसे त्यांना नुसता डोंगर दिसायचा."

मला आपल्याकडचं आठवलं. आपल्याला रडायचं असलं की आपण गळा काढून रडतो, आणि मग वर सांगतोही की माझं मन समुद्रासारखं झालंय, पाखरासारखं झालंय. यांच्याकडे ते 'सारखं' नाहीच! नदी आहे, तिच्यावर एक होडी आहे, आणि होडीत दिवा आहे. संपलं. होडीतला माणूस दुःखी आहे असं कुणी सांगत नाही. दिवा का लावलाय, एवढी रात्र झाली तरी हा जागा का, ते आपण विचारायचं. शितावरून भाताची परीक्षा, पण शीतसुद्धा त्यांनी मोजकंच वाढलेलं!

आणि चंद्र! कवितेतला माणूस चंद्राकडे बघत असला की तो खरं म्हणजे आपल्या घराकडे बघत असतो, कारण तोच चंद्र घरच्यांनाही दिसतोय. पानं गळायला लागली की वय झालेलं असतं. बदकांची रांग दक्षिणेला निघाली की कुणाच्या तरी पत्राची वाट बघणं चाललेलं असतं. ही तीच बदकं हो, आपल्या लॉनवर घाण करतात म्हणून टाउनशिपने ज्यांच्या मागे कुत्रा घेऊन माणूस सोडला होता! तुम्ही त्या माणसावर का चिडला होतात, ते मला त्या शनिवारी कळलं. तेव्हा मी तुम्हाला हसले होते. सॉरी.

घरी आले ती थेट तुमच्या कपाटाकडे. तुमचं रजिस्टर काढलं.

तुमचं रजिस्टर म्हणजे घरातला थट्टेचा विषय. रोज सकाळी आठच्या ठोक्याला घरामागच्या लाकडी डेकवर उभं राहायचं. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी झाकलेत ते लिहायचं, 'ढग पाच अष्टमांश'. मग वारा कुठून. मग किती लांबचं दिसतंय. मग डेकवर टांगलेल्या थर्मामीटरचा आकडा. शेवटचा रकाना शेऱ्याचा. हिवाळ्यात इथली घड्याळं तासभर मागे गेली की थंडीभर तुम्ही आठच्या ऐवजी सातला उभे राहायचात. "रिटायर झालात ना, आता कोणाला रिपोर्ट करायचाय?" असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "आपल्या साडेपाचला तिकडे ऑब्झर्व्हेशन असते, सुवर्णा. सगळ्या जगातली माणसं एकाच मिनिटाला वर बघतात." इथले सकाळचे आठ म्हणजे नागपूरचे संध्याकाळचे साडेपाच. मी "हो का" म्हटलं आणि मीटिंगला गेले.

आणि तुमची ती शिस्त! मी एकदा सहज म्हटलं, आज हवा छान आहे. तर तुम्ही म्हणे, "छान म्हणजे किती?" निखिल सांगतो, लहानपणी त्याने एकदा तुमच्याऐवजी खिडकीतूनच ढग बघून आकडा सांगितला, तर तुम्ही त्याला गच्चीवर पाठवलं होतं. न पाहिलेलं लिहायचं नाही. पस्तीस वर्षांत एक नोंद अंदाजाने केली नाही, हे तुम्ही जेवताना निदान महिन्यातून एकदा सांगायचात. आम्ही मुकाट्याने वरण वाढून घ्यायचो.

तर रजिस्टर. पहिल्या वर्षी शेऱ्याचा रकाना कोरा. लिनबाईंकडे जायला लागल्यावर मात्र तिथे ओळी दिसायला लागतात. मी काय केलं सांगू? माझं ऑफिसचं जुनं कॅलेंडर उघडलं आणि शेजारी तुमचं रजिस्टर ठेवलं. तारखेला तारीख लावून बघत गेले. सवयच ती.

माझ्या आईचं अमरावतीला ऑपरेशन होतं आणि मला जाता आलं नव्हतं, तो दिवस. तुमचा शेरा: 'उजाडले तरी स्वयंपाकघरातला दिवा चालू.' मामाजी! मी रात्रभर तिथे फोन घेऊन बसले होते. मला वाटलं घरात कुणाला पत्ता नाही.

तुमची नात मैत्री नव्या शाळेत जायला लागली, तो आठवडा. 'कुंपणाशी हरिणी. पाडस मागे राहिले. ती थांबली.' त्या सकाळी मी मैत्रीवर ओरडून तिला बसपर्यंत एकटी पाठवली होती. हा शेरा आहे की टोमणा? मला हसूही आलं आणि थोडा रागही. तोंडावर बोलायला काय झालं होतं?

असं वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की शेऱ्यांत निखिल आहे, मैत्री आहे, मी तर पानापानावर आहे. तुम्ही कुठे आहात? सासूबाई गेल्यावर आम्ही तुम्हाला नागपूरहून उचलून इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आणलं. विचारलं नाही, सांगितलं. चार वर्षं तुम्ही आमच्या घरात राहिलात. सुखात होतात का? हे मला कधी विचारायचं सुचलं नाही, आणि आता ते एवढंच मला माहीत करून घ्यायचं आहे.

मी एक तारीख शोधली. तुम्हाला माहीत आहे कोणती.

दीड वर्षापूर्वीचा ऑक्टोबर. तुम्हाला दीक्षाभूमीवर जायचं होतं. तिकीट काढलेलं होतं. मग निखिलला हर्नडनला क्लायंटकडे जावं लागलं, माझ्या ऑफिसच्या नव्या सिस्टिमचं गो-लाइव्ह त्याच आठवड्यात आलं, आणि मैत्रीची बँडची स्पर्धा. घरात कुणीतरी हवं होतं. मी तुमच्या खोलीच्या दारातून म्हटलं, "मामाजी, पुढच्या वर्षी सगळेच मिळून जाऊ ना? हे कॅन्सल करू का?" दारातून, हातात लॅपटॉप घेऊन. तुम्ही म्हणालात, "चालेल." मी तिथल्या तिथे तिकीट कॅन्सल केलं. पुढच्या वर्षी तुम्ही मार्चमध्येच गेलात.

ज्या शनिवारी तुम्ही दीक्षाभूमीवर असायला हवे होतात, त्या शनिवारचं पान मी उघडलं.

'ढग शून्य अष्टमांश. वारा ईशान्येकडून, मंद. दृश्यता उत्तम. तापमान ३१.' शेरा कोरा.

हुश्श! निरभ्र आकाश, छान थंडी, लांबचं स्वच्छ दिसतंय. मनात काही खुपत असतं तर ओळभर तरी लिहिलं असतंत. मी रजिस्टर मिटलं आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा शांत झोपले.

पुढच्याच शनिवारी लिनबाईंनी माझी झोप उडवली. त्या दिवशीचा धडा होता, दुःख सांगायला सुंदर दृश्य कसं वापरतात. म्हणे, निरोप घ्यायचा असेल तर वसंत दाखवा. झाडं फुललेली, पाणी चमकतंय, आणि माणूस निघालाय. पावसात रडणाऱ्याला पाऊस सोबत तरी करतो. लखलखीत उन्हात उभ्या असलेल्या माणसाला कुणाची सोबत नाही, म्हणून त्याचं दुःख दुप्पट होतं. तेलुगू मावशींनी रुमाल काढला. मला तुमचं ते पान आठवलं.

शून्य अष्टमांश!

घरी येऊन निखिलला सांगितलं. तो खुर्च्या मोजत होता. "अगं, आकाश क्लिअर होतं म्हणून क्लिअर लिहिलं त्यांनी. बाबा म्हणजे इन्स्ट्रुमेंट होते. तू ओव्हरथिंक करतेस यार."

पटलं मला. पटवून घेतलं म्हणा. दिवस खरंच तसा असेल तर ती नोंद आहे, कविता नाही. पण दिवस तसा होता का? एवढं तर तपासता येतं! लिनबाईंच्या कवींचा चंद्र त्या रात्री खरंच उगवला होता का, ते कुणाला कळणार नाही. माझ्या सासऱ्यांचे ढग मात्र परवापरवाचे आहेत.

तपासावं लागलंच नाही. परवा उद्याच्या स्लाइड शोसाठी मैत्रीकडे तुमचे फोटो मागितले. तिने चाळीसेक पाठवले. त्यात एक होता पाठमोरा. तुम्ही डेकवर, काळी छत्री मानेत धरलेली, रजिस्टर पोटाशी. आणि पाऊस! डेकच्या फळ्यांवरून पाणी वाहतंय, मागचं मेपल दिसेनासं झालंय. तारीख त्याच शनिवारची. वेळ आठ वाजून दोन मिनिटं.

मी फोटो मोठा करून बघितला. पुन्हा पुन्हा बघितला. आकाश गच्च भरलेलं होतं, आठच्या आठ भाग. त्या आकाशाखाली उभं राहून, छत्रीत, तुम्ही लिहीत होतात ढग शून्य.

पस्तीस अधिक चार वर्षांतली एकमेव खोटी नोंद!

माझ्या डोक्यात तो दुसरा आकडा त्यानंतर शिरला. ३१. आपलं थर्मामीटर फॅरनहाइटचं. एकतीस म्हणजे पाणी गोठायच्या खाली. तेव्हा मी 'छान थंडी' म्हणून पुढे गेले होते. अठरा वर्षं इथे काढल्यावर माझ्या डोक्यालाही फॅरनहाइटच कळतं. पण एकतीसला एवढा पाऊस कसा पडेल? बर्फ पडेल! आणि फोटोत तर तुम्ही अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आहात.

एकतीस सेल्सिअस, मामाजी. ऑक्टोबरातली संध्याकाळ, साडेपाच वाजलेले, पावसाळा सरलेला, आकाशात ढगाचा ठिपका नाही, ईशान्येचं मंद वारं, आणि लांबचं सगळं स्वच्छ दिसतंय. तुम्ही नागपूर लिहिलंत!

मी लिनबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांनी मला एकदा विचारलं होतं, डोळ्यासमोर नसलेलं दृश्य कवीने लिहिलं तर ते खोटं का? मी म्हटलं, पूर्वीचे लोक घरचा डोंगर लिहायचे, राहायचे हजार मैलांवर. तुझे सासरे म्हणाले, आमच्या खात्यात याला मेमो मिळतो." आणि त्या हसल्या, आणि मग नाक ओढल्याचा आवाज आला.

तर मला उत्तर मिळालं. त्या दिवशी तुम्ही दुःखी होतात. माझ्यामुळे होतात. तिकीट मी कॅन्सल केलं आणि तुम्ही छत्री घेऊन डेकवरून नागपूरला गेलात. हे वाचता आलं म्हणून मला आनंद व्हावा की रडावं, कळेना. मी रडले.

पण तुमच्यावर रागही आला, सांगून ठेवते! एवढं होतं तर "सुवर्णा, मला जायचंच आहे" एवढी चार शब्दांची नोंद माझ्यासमोर का नाही केलीत? मी काय कवितेतला मित्र आहे का, उजवा रकाना रिकामा सोडला तरी कळायला? मला तर फॅरनहाइट-सेल्सिअस कळायला दीड वर्ष लागलं.

काल संध्याकाळी मी हे सगळं मैत्रीला दाखवलं. मला वाटलं, तिला गंमत वाटेल. "यू मीन आजोबा फेक्ड द डेटा?" असं काहीतरी म्हणेल. ती पंधराची झालीये आता, तुमच्यापेक्षा उंच असती. तिने फोटो बघितला, रजिस्टर बघितलं, आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

"आई, इट वॉज मी."

"काय?"

"ही वॉन्टेड टू आस्क यू अगेन. अबाउट नागपूर. यू हॅड ऑलरेडी कॅन्सल्ड, बट ही सेड, तुझ्या आईला परत एकदा विचारू का? ही आस्क्ड मी फर्स्ट." ती रजिस्टरच्या कडेवरून बोट फिरवत होती. "अँड आय सेड, प्लीज डोंट. आय हॅव अ सोलो."

"मग? आजोबा काय म्हणाले?"

"ही सेड ओके. देन ही आस्क्ड मी, सोलो म्हणजे काय."

हे पोर हे दीड वर्ष पोटात घेऊन फिरत होतं, मामाजी! तुम्ही गेलात तेव्हा ती रडली नाही म्हणून मीच निखिलला म्हटलं होतं, अमेरिकन मुलं कोरडीच. मी तिला जवळ घेतलं. तिला सांगितलं, मलाही ते फोटो बघूनच आठवलं होतं, की त्या दिवशी पावसामुळे स्पर्धा मैदानाऐवजी जिममध्ये झाली होती, आणि आजोबा पहिल्या रांगेत बसले होते, आणि तिच्या क्लॅरिनेटचा एक सूर चुकला तेव्हा टाळ्या वाजवणारे ते एकटेच होते. त्यांना नागपूरही हवं होतं आणि तूही हवी होतीस. सकाळी आठला त्यांनी एक केलं, दुपारी दुसरं. "ही वॉज सॅड अँड ही केम," मैत्री म्हणाली. हो बाळा. दोन्ही खरं.

मग ती रडली. आम्ही दोघी रडलो, आणि निखिल खुर्च्या तशाच सोडून येऊन बसला.

मी स्वतःला सोडवून घेत नाहीये, हे लिहून ठेवते. वीस-बावीस तासांचा प्रवास तुम्हाला नको असेल, असं मीच ठरवलं होतं. पुढचं वर्ष आहेच, असंही मीच धरून चालले होते. मैत्रीने 'नको' म्हटलं, पण ती तेव्हा तेरा वर्षांची होती. मी पंचेचाळीसची होते आणि दारात उभी होते. आत येऊन कॉटवर बसायला दोन मिनिटंही लागली नसती.

तुम्ही मला दुसऱ्यांदा विचारणार होतात, आणि तुम्हाला त्यासाठी आधी एका लहान मुलीची परवानगी घ्यावीशी वाटली, इतकी मी घाईत असायचे. हे मला सगळ्यात जास्त लागलंय.

म्हणून वचन देते. या घरात यापुढे कुणी "चालेल" म्हटलं, मैत्रीने म्हटलं, निखिलने म्हटलं, फोनवर माझ्या आईने म्हटलं, तर मी हातातलं खाली ठेवीन, आत जाऊन बसेन, आणि पुन्हा एकदा विचारीन. दुसऱ्यांदा विचारायचं काम आता माझं.

जय भीम, मामाजी.

तुमची सून,
सुवर्णा